अकोटहून आलेली पट्टी

रागिणी चौदा वर्षांनी कायमची घरी राहायला आली, आणि पहिल्याच रात्री साडेनऊला डोळ्यांवर काळी पट्टी चढवून झोपी गेली.

किशोर गावंडे दुधाचे दोन पेले घेऊन खोलीत आला तर पलंगावर हे दृश्य. पट्टीखाली नाक, ओठ आणि हनुवटी तेवढी दिसत होती.

"रागिणी, दूध," तो म्हणाला.

"झाकून ठेवा. सकाळी घेईन."

त्याने दोन्ही पेले स्वतःच संपवले आणि पलंगाच्या कडेला बराच वेळ बसून राहिला. त्या रात्रीसाठी त्याने काय काय बोलायचं साठवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्या काळ्या कापडाला सांगण्यासारखं नव्हतं.

किशोर अमरावतीला पाटबंधारे खात्यात लिपिक. लग्नानंतर पाच वर्षांनी रागिणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली ती अकोला जिल्ह्यात, अकोटजवळच्या एका खेड्यावर. मुलगी आचल तेव्हा चार वर्षांची होती. नोकरी सोडवत नव्हती आणि पोरीला घेऊन परक्या गावी एकटीने राहणंही जमण्यासारखं नव्हतं. आचल अमरावतीला आजीजवळ राहिली आणि रागिणीने अकोटला माणिकबाई नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी खोली घेतली. वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे, पती-पत्नी एकत्रीकरणात बदली होऊन जाईल, असं सगळेच म्हणाले. वर्षाची दोन झाली, दोनाची चौदा. शनिवारी सकाळची शाळा आटोपून ती बसने निघायची, पाच वाजता घरी पोचायची आणि सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने परत जायची. त्या दोन रात्री ती आजीच्या खोलीत आचलला कुशीत घेऊन झोपायची. पोरीला आई मिळायची तीच दोन रात्री, त्यात आपण काय वाटा मागायचा, असं म्हणून किशोर गप्प बसायचा. त्यामुळे बायको रोज पट्टी लावून झोपते हे त्याला ऐकून ठाऊक होतं, पण शेजारी झोपून कधी पाहिलं नव्हतं.

दरम्यान किशोरची आई, वच्छलाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. आचल बारावी होऊन पुण्याला शिकायला गेली. आणि घरात एकटा किशोर उरला असताना रागिणीची बदली झाली.

पहिल्या आठवड्यात त्याने आपल्या परीने समजून घेतलं. त्याच्या खोलीतली ट्यूब रात्रभर चालू असायची. रागिणी अकोटला परत गेली की आचल अंधारात रडत उठायची आणि बापाच्या खोलीत यायची, तेव्हापासूनची ती सवय. पोरगी मोठी झाली, अंधाराला भ्यायची बंद झाली, पण किशोरला काही उजेडाशिवाय झोप येईना. हिला ट्यूबचा त्रास होत असेल, म्हणून तर ही पट्टी, असं समजून त्याने एका रात्री ट्यूब बंद केली. रागिणीने बंद झालेली ट्यूब पाहिली, "अरे वा," म्हणाली, आणि उशीखालून पट्टी काढून डोळ्यांवर चढवली.

चार रात्री किशोर काळोखात टक्क डोळ्यांनी पडून राहिला. पाचव्या रात्री तिचा श्वास एकसारखा झाल्यावर तो उठला आणि त्याने बटण दाबलं. तिला कळलंसुद्धा नाही.

तसं वाईट काहीच नव्हतं. ती सकाळी शाळेत जायची, तो ऑफिसात. संध्याकाळी दोघं जेवायची, आचलचा फोन आला की आळीपाळीने बोलायची. भांडण नाही, तंटा नाही. पण किशोरला राहून राहून वाटायचं, की रागिणी अकोटला होती तेव्हा आपण जास्त बोलत होतो. रोज रात्री नऊला तिचा फोन यायचा. मुख्याध्यापकांचा तिरसटपणा, पोषण आहाराच्या खिचडीत निघालेले खडे, एका पोराने वर्गात आणलेलं सशाचं पिल्लू, सगळं ती सांगायची. आता नऊ वाजले की दोघं एकाच पलंगावर बसलेली असायची आणि कोणाजवळच सांगण्यासारखं काही नसायचं. मग साडेनऊ वाजायचे.

नोव्हेंबरात त्याला निवडणुकीची ड्यूटी लागली. आदल्या रात्री तो चांदूर बाजारकडच्या एका शाळेत सतरंजीवर बसला होता. नऊ वाजले आणि हात आपोआप फोनकडे गेला.

"जेवलात का?" रागिणीने विचारलं.

"जेवलो. वांग्याची भाजी होती. तिखटाचा जाळ नुसता."

"तुमाले तं आवडते तिखट."

"आवडते, पण इथं पानी प्यायले अर्धा फर्लांग जा लागते."

ती हसली. मग तिने शाळेतल्या नव्या बाईंची नक्कल करून दाखवली, त्याने आपल्या केंद्राध्यक्षाची. चाळीस मिनिटं कुठे गेली कळलं नाही. फोन ठेवल्यावर किशोर त्या सतरंजीवर कितीतरी वेळ खूश होऊन पडला होता. दुसऱ्या रात्री उशिरा, पेट्या जमा करून तो घरी आला. रागिणीने दार उघडलं. "आलात? ताट झाकून ठेवलंय," म्हणाली आणि आत जाऊन झोपली. एवढंच. काल ज्या बाईशी बोललो ती कुठे गेली, असं त्याला झालं.

पुढे त्याने जे केलं त्याची त्याला नंतर लाज वाटली. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती भाजी आणायला गेली असताना त्याने उशीखालची पट्टी काढली आणि कपाटातल्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवून दिली. एक रात्र पट्टी नसली तर ही आपल्याकडे पाहील, दोन शब्द बोलेल, यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं.

रागिणीने उशी उचलली. गादी झटकली. पलंगाखाली वाकून पाहिलं. त्याला काहीच विचारलं नाही. ओढणीची घडी करून तिने डोळ्यांवर बांधली, थोड्या वेळाने सोडली आणि पाठ करून पडली. मध्येच किशोरला जाग आली तेव्हा ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, डोळे मिटलेले. झोपलेली मात्र नव्हती.

सकाळी लाल डोळ्यांनी ती शाळेत गेली. किशोरने ऑफिसला जायच्या आधी पट्टी होती तिथे ठेवून दिली. रात्री उशीखाली हात घातल्यावर ती म्हणाली, "सापडली." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, असं किशोरला वाटलं.

एप्रिल लागला आणि अमरावती तापायला लागली. घरातला जुना कूलर घरघर करून बंद पडला. रागिणीने अकोटला एक चांगला कूलर घेतला होता, तो तिकडेच राहिला होता.

"घेऊन येतो ना मी," किशोर म्हणाला.

"असू द्या तिथंच. नवा घेऊ."

तिला आपला त्रास वाचवायचा असेल असं समजून एका रविवारी, मित्राकडे जातो म्हणून सांगून, तो अकोटच्या बसमध्ये बसला. गाडी अंजनगावच्या पुढे गेल्यावर त्याच्या मनात आलं, की चौदा वर्षांत आपण या रस्त्याने दोनदाच आलो. एकदा तिला पोचवायला आणि एकदा तिला टायफॉईड झाला तेव्हा न्यायला. तिने या रस्त्याचा किती शनिवार आणि किती सोमवार प्रवास केला असेल, याचा विचार तो आज पहिल्यांदा करत होता.

माणिकबाईचं घर कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. ओसरीत मशीन मांडून ती ब्लाउज शिवत बसली होती. साठीच्या पुढची, नाकावर चष्मा. किशोरला तिने लगेच ओळखलं.

"जवाईबापू! या, या. चौदा सालात तिसऱ्यांदा पाय लागले तुमचे माह्या घराले."

"कूलर न्यायले आलो, काकू."

"कूलर?" तिने मशीन थांबवलं. "तो तं वर्षालीले देऊन गेली ना रागिणी. तुमाले नाई सांगतलं?"

वर्षाली म्हणजे रागिणीच्या जागी आलेली नवी शिक्षिका. बार्शीटाकळीची पोरगी, पहिलीच नोकरी. आवाज ऐकून ती आतून आली आणि ओशाळून म्हणाली, "सर, घेऊन जा ना तुम्ही. मी दुसरा पाहीन."

"नाही, नाही. राहू दे. माझाच घोटाळा झाला."

तिने चहा ठेवला आणि आग्रहाने त्याला आणि माणिकबाईला आपल्या, म्हणजे रागिणीच्याच जुन्या, खोलीत बसायला बोलावलं. दहा बाय बाराची खोली, एक पलंग, एक ओटा. खिडकीसमोर जिनिंगची भिंत आणि भिंतीपलीकडे उंच खांबावर मोठमोठे चार दिवे.

"आता सीजन संपला म्हणून बंद आहेत," वर्षाली म्हणाली. "दिवाळी ते होळी रात्रभर असतात. खोलीत सुईत दोरा ओवता येतो, सर. मॅडमनी जाताना मलापण एक पट्टी शिवून घेऊन दिली. म्हणाल्या, पहिल्या वर्षी लागेलच."

कोपऱ्यात कॅरमचा बोर्ड उभा करून ठेवला होता. किशोरची नजर तिकडे गेलेली माणिकबाईने पाहिली.

"तिचाच हाय तो. रोज सांजच्याले खेये माह्यासंग. हारली का भांडे! एक डाव तं मले खोटारडी म्हणे अन् दोन दिवस बोलली नाई."

रागिणी कॅरम खेळते हे किशोरला ठाऊक नव्हतं. ती भांडते हेही नव्हतं. घरी तिने कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

वर्षाली कप धुवायला मोरीवर गेली, तेव्हा त्याने जरा चाचरत विचारलं, "काकू, या दिव्यांच्यानं तिले पट्टीची सवय लागली, नाही का?"

"दिव्यांच्यानं नाई, बापू." माणिकबाईने चष्मा काढून पदराने पुसला. "मलेबी पहिले तसंच वाटे. पहिल्या साली आली तं रातभर खिडकीत बसेल राहे. म्या म्हटलं, उजेडाची झोप येत नसंन पोरीले. म्हणून अस्तराचा काया कपडा घेतला, आतमंदी कापूस भरला अन् पट्टी शिवून देली. तं मले एक दिवस म्हणे, काकू, हे बांधली का मले आचल दिसते. डोये नुसते मिटले तं दिसत नाई, मिचमिच होते. पट्टी बांधली का बराबर समोर येऊन बसते."

माणिकबाई आपल्या नादात पुढे बोलत गेली.

"मंग सवय झाली. पोरगीबी मोठी झाली. चार साल पहिले बदली आली तवा म्या म्हटलं, जाय आता, लय झालं..."

"कोणती बदली?"

माणिकबाईचा हात चष्म्यावरच थांबला. "आता हेबी मालूम नाई तुमाले?"

"नाही."

तिने एकदा मोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता तोंडातून निंगालंच तं सांगतो. चार साल पहिले तिचं नाव आलं होतं यादीत. तिनं अर्ज देऊन थांबवली. म्या लय बोलली तिले. तं म्हणे, काकू, मी घरी जातो तं सासूबाई मले ताट वाढून देतेत. पोरगी कपडेबी बापाले विचारून घेते. माह्याबिना समदं जमून गेलं त्या घराचं. आता मी जाऊन कोणाले सरकवू?" माणिकबाईने चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "मंग तुमची आई गेली. तेरवी करून परत आली अन् त्याच सांजच्याले पुन्हा फारम भरा लागली. पोरगीबी शिकाले चालली जाईन, म्हणे, ते एकटे पडतीन."

परतीच्या बसमध्ये खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. किशोरला आधी राग आला. चार वर्षं! त्या चार वर्षांत आईचं आजारपण झालं, आचलची दहावी झाली, आणि ही तिथे कॅरम खेळत बसली होती. मग त्याला शनिवारची संध्याकाळ आठवली. रागिणी दारात आली की आई म्हणायची, "बस, बस, दमून आलीस." पाहुण्यांसाठी ठेवलेल्या मोठ्या ताटात तिला पहिलं वाढायची. तिने पोळपाटाला हात लावला तर आचल म्हणायची, "आई, तू बस ना, आम्ही करतो." आणि आपण कौतुकाने पाहत राहायचो, की बघा, हिला घरात किती मान आहे.

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळला होता. रागिणी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती.

"कूलर नाही आणला?" तिने त्याच्याकडे न पाहता विचारलं.

"तुले कसं मालूम?"

"वर्षालीचा फोन आला होता."

"राहू दिला तिले." किशोर कठड्याला टेकला. "माणिकबाईनं सांगतलं. चार वर्षांपहिलेचं."

रागिणीने हातातली चादर घडी करायची थांबवली नाही. चार पदरी घडी घालून झाल्यावर ती म्हणाली, "रागवा."

"रागावलो होतो. अंजनगाववरी."

"मग?"

"मग तिथं उतरलो. उसाचा रस पेलो."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलं. ती पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसली.

"मले भेव वाटलं," ती म्हणाली. "तुमी सगळेच चांगले होते. सासूबाई, आचल, तुमी. कोणी वाईट असतं तं भांडून जागा केली असती मी. चांगल्या माणसाईत कशी जागा करावं?"

"अन् आता?"

"आता जागाच जागा आहे. तीन खोल्या अन् दोन माणसं. तरी तुमी सकाळी उठून चहा करता, डबा भरता, माझी पाण्याची बाटलीसुद्धा भरून ठेवता. मी दहा महिन्यांपासून तुमच्याकडं पाहुणी आहो."

"मले वाटलं, चौदा वर्षं दमलीस."

"दमली तं होतीच."

खाली रस्त्यावरून एक कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. किशोरला जे विचारायचं होतं ते विचारायला त्याला बराच वेळ लागला.

"पट्टी बांधली की आचल दिसायची म्हणे तुले."

"तेही सांगितलं काकूनं?" तिने चादरीची घडी मांडीवर ठेवली. "दिसायची. चार-पाच वर्षं दिसायची."

"आता कोण दिसते?"

त्याला कोणतं उत्तर हवं होतं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण रागिणी खोटं बोलली नाही.

"आता कोणीच नाही. नुसतं काळं दिसते. त्याच्यानं झोप लागते."

दोघं अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली.

त्यानंतर आठ दिवसांनी तिनेच विषय काढला. "मी आचलच्या खोलीत झोपत जाऊ? तुमाले ट्यूब लागते, अन् मी बाजूला असली की तुमी कूस बदलायलेही भेता. मले जाणवते ते." किशोरला ते लागलं. पण ती सांगत होती ते खरं होतं. तो हो म्हणाला. नवा कूलर दोन खोल्यांच्या मधल्या दारात ठेवला.

सकाळी तो आता मुद्दाम उशिरा उठायचा. रागिणीने स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनासारखे लावले. जिरं कुठे आणि साखर कुठे हे त्याला विचारावं लागायचं. दोनदा त्यावरून दोघांची चांगलीच वाजली. "एवढे वर्ष इथंच होतं ना ते!" तो ओरडला. "आता तिथं नाही!" ती त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. शेजारपाजारपर्यंत आवाज गेला असेल. किशोर ऑफिसात जाताना मनातल्या मनात हसत होता.

रात्रीचं मात्र काही बदललं नाही. कधीमधी नऊच्या सुमारास ती त्याच्या पलंगाच्या कडेला येऊन बसायची, शाळेतलं काहीबाही सांगायची. साडेनऊला उठून जायची. मग ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात अर्धा पलंग रिकामा दिसायचा, आणि किशोर त्या बाजूला हात न टाकता आपल्या बाजूनेच झोपायचा.

जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास कोणीतरी कडी वाजवली. किशोरने दार उघडलं. शेजारच्या गोदावरीबाई हातात स्टीलची वाटी घेऊन उभ्या होत्या. वीस वर्षांचा शेजार. आजवर त्या "किशोरभाऊ" अशी हाक मारतच आत यायच्या, आणि आई गेल्यापासून साखर-विरजणही त्याच्याकडूनच मागून न्यायच्या.

"रागिणी आहे का हो?"

"झोपली आहे. काय काम होतं?"

"तुमच्याजवळ नाही, तिच्याजवळच काम होतं." त्या वाटी पदराआड घेत म्हणाल्या. "उठली की सांगाल?"

"सांगतो."

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. कडीचा आवाज होऊ नये म्हणून किशोरने बोटाने धरून ती हळूच लावली. आचलच्या खोलीचं पुढचं दार बंद होतं, पलीकडून कूलरचा आवाज येत होता. तो पुढच्या खोलीत येऊन बसला आणि ती उठायची वाट पाहू लागला.